आपली श्रद्धा व आपले सार्वजनिक जीवन

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आपल्या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नव्हे. १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालो, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि १९७७ पासून २०१५ पर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुले शिकविली; एवढीच माझी शिदोरी. तेव्हा माझ्या बोलण्यात धर्मशास्त्राची खोली शोधू नये. अडतीस वर्षे खडूच्या धुळीत वावरलेल्या माणसाला जे दिसले आणि जे थोडेफार वाचनात आले, तेच मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

विषयही मी निवडलेला नाही. तो आपल्या मंडळातच उपस्थित झाला आहे. येत्या गुड फ्रायडेला क्रूसाची वाट नेहमीप्रमाणे गावच्या रस्त्याने न्यावी की चर्चच्या आवारातच करावी, यावर गेल्या सभेत बराच वाद झाला. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, वसई आता पूर्वीची राहिली नाही. जिथे केळीच्या बागा आणि पानमळे होते तिथे इमारती उभ्या राहिल्या. शेजारी कोण, कुठला, कोणत्या धर्माचा, हे ठाऊक नाही. दिवस नाजूक आहेत. तेव्हा आपली भक्ती आपल्या कुंपणात केलेली बरी. तरुणांचे म्हणणे याच्या अगदी उलट. इतरांच्या मिरवणुका वाजतगाजत जातात, मग आपण का दबावे? टेम्पोवर चार कर्णे लावून दुप्पट थाटाने जाऊ या, असे ते म्हणतात. एका पक्षाच्या मनात भीती आहे आणि दुसऱ्याच्या मनात ईर्षा आहे. दोन्ही पक्ष आपलेच आहेत, आणि खरे सांगायचे तर या दोन्ही चुका मी स्वतः माझ्या आयुष्यात करून चुकलो आहे. म्हणूनच बोलण्याचे धाडस करतो.

पहिली चूक १९७९ सालची. वसई तालुक्याच्या पूर्व भागातील एका शाळेत मी नवा शिक्षक होतो. राखेच्या बुधवारी पहाटेच्या मिस्साला गेलो. मागल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली ती राख धर्मगुरूंनी कपाळावर लावली, माणूस मातीचा आहे आणि मातीत जाणार आहे याची आठवण दिली, आणि मी एस. टी.च्या थांब्यावर आलो. गाडी दिसू लागताच मी रुमाल काढला आणि कपाळ स्वच्छ पुसून टाकले. शाळेतील मुले विचारतील, गावकरी काही म्हणतील, नव्या नोकरीत उगीच बोलणे नको, असा माझा हिशेब.

आमचे मुख्याध्यापक वारकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. मधल्या सुटीत त्यांनी मला जवळ बोलाविले आणि हळूच विचारले, "गुरुजी, कपाळ पुसलेत वाटते? केसांच्या कडेला थोडी राख राहिली आहे." मी वरमलो. ते म्हणाले, "मी रोज बुक्का लावून शाळेत येतो. तुम्हांला त्याचा कधी त्रास झाला काय?" मी म्हटले, "छे, मुळीच नाही." तेव्हा ते म्हणाले, "मग तुमच्या राखेचा मला त्रास होईल, हे तुम्ही मला न विचारता कसे ठरविलेत?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपली श्रद्धा लपवून मी विनय दाखवीत आहे, अशी माझी समजूत होती. वस्तुतः मी एका भल्या माणसाच्या भलेपणावर संशय घेतला होता. भीतीपोटी श्रद्धा झाकणारा मनुष्य स्वतःला तर लहान करतोच, परंतु आपल्या शेजाऱ्यालाही न विचारता असहिष्णू ठरवितो. हा धडा मला धर्मगुरूंकडून मिळाला नाही, बायबलातून मिळाला नाही. पंढरीच्या एका वारकऱ्याने दिला. त्यांचे ऋण मी आजही मानतो.

आता कोणी म्हणेल की, आपला देश धर्मनिरपेक्ष आहे, तेव्हा धर्म ही गोष्ट घरात ठेवावी, हेच कायद्याला धरून नाही काय? हा प्रश्न नवा नाही. घटना तयार होत असताना १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत तो स्पष्टपणे मांडला गेला होता. बिहारचे एक सभासद तजम्मुल हुसेन यांनी अशी सूचना आणली होती की, धर्माचे आचरण खासगी असावे आणि ज्यावरून माणसाचा धर्म ओळखता येईल असे दृश्य चिन्ह किंवा असा पोशाख कोणी वापरू नये. त्यांचा हेतू वाईट नव्हता. नुकतीच फाळणी झाली होती, धर्माच्या नावाने रक्ताचे पाट वाहिले होते, आणि खुणाच नाहीशा केल्या तर वैरही नाहीसे होईल, असे त्यांना वाटत असावे. परंतु समितीने ती सूचना स्वीकारली नाही. आपल्या घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले, आणि आपला धर्म उघडपणे मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. मर्यादा घातल्या त्या सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या आणि मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदींच्या. तात्पर्य, आपल्या घटनेला अभिप्रेत असलेले शासन कोणा एका धर्माचे नाही. परंतु नागरिकाने धर्महीन दिसावे, अशीही तिची अपेक्षा नाही.

'प्रसार' या शब्दावर त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. तो शब्द मुख्यतः ख्रिस्ती लोकांच्या भावनेचा विचार करून ठेवला गेला, आणि ख्रिस्ती नसलेल्या सभासदांनी त्याची बाजू घेतली. कन्हैयालाल मुनशी बोलले. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तर स्वतःचाच दाखला दिला की, आपण चौदा वर्षांच्या आसपास ख्रिस्ती संस्थांतून शिकलो, पण आपले धर्मांतर करण्याचा प्रयत्न तिथे कोणी केला नाही. बंधूंनो, एका शिक्षकाला यापरते प्रशस्तिपत्रक कोणते हवे? आपल्या हक्काच्या बाजूने उच्चारलेले ते शब्द त्या अज्ञात शिक्षकांच्या संयमाची कमाई होती. त्याच सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते. विधिमंडळातील धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रश्न १९४९ साली निघाला, तेव्हा ख्रिस्ती प्रतिनिधींनी त्या जागा सोडण्यास संमती दिली. आपल्या पूर्वसूरींनी जागा मागितल्या नाहीत, मोकळीक मागितली. त्या मोकळिकीचा आपण कसा वापर करतो, हा आजचा प्रश्न आहे.

याचे उत्तर आपल्या शुभवर्तमानात शोधू गेल्यास प्रथमदर्शनी मनुष्य गोंधळतो. डोंगरावरील एकाच प्रवचनात प्रभू दोन गोष्टी सांगतो. एके ठिकाणी तो म्हणतो की, दिवा लावून कोणी मापाखाली झाकून ठेवीत नाही, तो दिवठणीवर ठेवतात. दुसरीकडे तो म्हणतो की, प्रार्थना करताना आपल्या खोलीत जावे आणि दार लावून घ्यावे. मग दार उघडे ठेवावे की बंद? मला वाटते, दार लावण्याची आज्ञा आहे ती लोकांनी पाहून वाहवा करावी म्हणून चौकात उभे राहणाऱ्यासाठी, आणि दिवा वर ठेवण्याची आज्ञा आहे ती भिऊन बसलेल्यासाठी. ईर्षेने पेटलेल्याने दार लावावे, भ्यालेल्याने दिवा उघडा करावा. आपल्या सभेतील दोन्ही पक्षांना प्रभूने एकेक वाक्य देऊन ठेवले आहे.

परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. उघड्या दाराचा एक फार मोठा वाद आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय विधवा मुलींनी तिथे राहावे, शिकावे, आपल्या पायांवर उभे राहावे, हा उद्देश. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, कोणावर ख्रिस्ती धर्म लादला जाणार नाही, मुलींना आपापले आचार पाळता येतील, असे अभिवचन होते. या भरवशावर न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे थोर लोक सल्लागार झाले होते. रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचीत व प्रार्थना करीत. त्यांच्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन आत जाऊन बसू लागल्या. ही वार्ता बाहेर गेली, पुण्यात वादळ उठले, वृत्तपत्रांतून टीका झाली, १८९३ साली सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या.

या प्रसंगाकडे आपण ख्रिस्ती लोक बहुधा एकाच बाजूने पाहतो. रमाबाईंनी आपल्याच खोलीत केलेल्या प्रार्थनेचे दार का लावावे, हा प्रश्न आपल्याला रास्त वाटतो, आणि तो रास्तच आहे. पण रानडे व भांडारकर हे काही धर्मवेडे नव्हते. प्रार्थनासमाजाचे ते आधारस्तंभ होते आणि पुणेकरांचा रोष पत्करून ते रमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले होते. त्यांची अडचण वेगळी असावी. त्या दाराबाहेरच्या ओसरीत कोण होते, हे पाहावयास हवे. ज्यांना माहेर नव्हते, सासर नव्हते, ज्यांचे अन्न, वस्त्र, विद्या सारे काही त्या एका बाईंच्या हाती होते, अशा लहान वयाच्या विधवा मुली होत्या. आश्रयदात्याचे उघडे दार आश्रिताला नुसते दार राहत नाही, ते बोलावणेही होते. बोलावणाऱ्याच्या मनात तसे नसले तरी होते.

मग रमाबाई चुकल्या काय? मी तसा निवाडा देणार नाही. तेवढी माझी योग्यता नाही. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंचा १८९३ सालीच धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पुढे बाया कर्वे म्हणून साऱ्या महाराष्ट्राला पूज्य झाल्या. म्हणजे त्या उघड्या दारातून आत न जाताही सदनात वाढता येत होते, शिकता येत होते. माझ्या मते खरी कसोटी हीच. आपले दार उघडे असावे, पण आत न येणाऱ्या मुलीच्या ताटात एक भाकरी कमी पडता कामा नये, आणि तशी भीतीसुद्धा तिला वाटता कामा नये.

हे मी पुस्तक वाचून म्हणत नाही. येथे माझी दुसरी चूक सांगावयास हवी. १९९१ साली मी एका आदिवासी पाड्यावरील शाळेचा मुख्याध्यापक झालो. वारकरी गुरुजींचा धडा मनात होता, पण तो मी अर्धाच शिकलो होतो. आता लपावयाचे नाही, असा निश्चय केला होता. नाताळ आला. मी स्वखर्चाने मुलांना खाऊ आणला, तारा टांगला, आणि परिपाठाच्या वेळी सर्व मुलांकडून प्रभूची प्रार्थना म्हणवून घेतली. पुढे आठवडाभर तोच क्रम चालू ठेवला. मुलांनी ती सुरेख पाठ केली. मला धन्य वाटले.

एके दिवशी एका मुलाचा बाप आला. गरीब माणूस, मोलमजुरी करणारा. तो भांडावयास आला नव्हता. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पोर घरी तुमची प्रार्थना बोलतो. चांगली हाय. पन तो बोलतो ते त्याला आवडतं म्हनून, का तुम्ही सांगितलं म्हनून?" मी म्हटले, "आवडते म्हणून." तो म्हणाला, "मग उद्या एकाला सांगून बघा, बोलू नको. किती बोलतात ते कळंल." आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितले, ज्यांना म्हणावयाची असेल त्यांनीच म्हणावी. वर्गात शांतता पसरली. सारी मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागली. गुरुजींच्या मनात काय आहे, हे ती माझ्या चेहऱ्यावर शोधीत होती. त्या मुलांच्या नजरा मी आजवर विसरलो नाही. त्यांच्या मुखातली प्रार्थना देवाकडे पाहत नव्हती, ती मुख्याध्यापकाकडे पाहत होती. पुढे मी घटनेचा अठ्ठाविसावा अनुच्छेद वाचला. पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देऊ नये, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही मुलाला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसवू नये, असे तो सांगतो. जे घटनाकारांना कळले होते ते मला एका निरक्षर बापाने शिकविले.

या दोन चुकांतून मला जे उमगले ते असे. माझे कपाळ माझे आहे. त्यावर राख लावावी की नाही, याला मी मुखत्यार, आणि ती भीतीने पुसू नये. परंतु मुलाचे कपाळ माझे नाही. त्यावर माझी राख लावण्याचा मला अधिकार नाही, मग ती राख माझ्या दृष्टीने कितीही पवित्र असो. वारकरी गुरुजींनी स्वतःचा बुक्का कधी पुसला नाही, आणि माझ्या कपाळाला कधी लावलाही नाही. जिथे मी केवळ एक नागरिक, तिथे माझी श्रद्धा उघड असावी. जिथे माझ्या हाती दुसऱ्याची भाकर, गुण, नोकरी किंवा औषध आहे, तिथे तिने दोन पावले मागे उभे राहावे.

जगातील मोठमोठ्या न्यायालयांपुढे आलेले वाद मी या साध्या मापाने मोजून पाहतो. केरळात १९८५ साली यहोवाचे साक्षीदार या पंथातील तीन भावंडांना शाळेतून काढून टाकले. दहावी, नववी व पाचवीत शिकणारी ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे ते म्हणत नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. आदराने उभे राहणारे मूल अपमान करीत नाही, असा त्याचा आशय. ती श्रद्धा आपली नव्हे, आणि मी स्वतः राष्ट्रगीत अभिमानाने म्हणतो. तरी त्या मुलांचे मौन म्हणजे त्यांचे स्वतःचे कपाळ होते, असे मी म्हणेन.

इंग्लंडात एका विमान कंपनीतील महिलेने गळ्यातील लहानसा क्रूस झाकण्यास नकार दिला, म्हणून तिला काही महिने बिनपगारी घरी बसावे लागले. २०१३ साली स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. परंतु त्याच निकालपत्रात एका परिचारिकेचा दावा मात्र फेटाळला गेला, कारण गळ्यातील साखळी रुग्णाने ओढल्यास इजा होण्याचा संभव होता. हा भेद मला मार्मिक वाटतो. क्रूस तोच, परंतु रुग्णाचे हित आडवे आले तेव्हा क्रूसाने माघार घेतली. ज्याने रोग्यांना बरे केले त्या प्रभूला यात राग येईल, असे मला वाटत नाही.

अमेरिकेत एका सरकारी शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून प्रार्थना करीत असे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सहा विरुद्ध तीन मतांनी त्याची बाजू मान्य केली. तो न्यायनिर्णय आहे आणि मी कायदेपंडित नव्हे. तथापि माझे मन त्या तीन न्यायाधीशांकडे झुकते. संघात कोणाला घ्यावे हे ज्याच्या हाती, त्याच्या शेजारी गुडघे न टेकण्याचे धैर्य किती मुलांना होईल? माझ्या पाड्यावरची मुले माझ्या तोंडाकडे कशी पाहत होती, ते मला आठवते.

आपल्या चर्चनेही ही गोष्ट स्पष्ट सांगितली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयी जाहीरनामा काढला. त्यात श्रद्धेचा उघड पुरस्कार करण्याचा हक्क सांगितला, आणि त्याबरोबरच बजाविले की, प्रसार करताना सक्तीचा किंवा हीन प्रलोभनाचा वाससुद्धा येऊ नये, विशेषतः समोरचा मनुष्य गरीब किंवा अशिक्षित असेल तेव्हा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निर्णय दिला की, धर्माच्या प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. या निर्णयावर आपल्यातील जाणत्या लोकांनी टीका केली आहे, आणि त्या आधाराने पुढे झालेल्या काही कायद्यांचा जाच आपल्या लोकांना झाला, हेही खरे. परंतु जितके माझे अंतःकरण स्वतंत्र तितकेच माझ्या शेजाऱ्याचे, हे तत्त्व आपण कोणाच्याही आधी मान्य केले पाहिजे.

मग आपली श्रद्धा समाजाला दिसावी तरी कशी? मला वाटते, ती प्रथम या मातीच्या भाषेत दिसावी. फादर स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला धर्मगुरू. त्याने आपले ख्रिस्तपुराण मराठीत रचले आणि ते १६१६ साली छापून निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत व कीर्तनांत आणली. आणि आपल्याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला विरोधही झाला. परंतु महाराष्ट्राने एका कॅथलिक धर्मगुरूला सारस्वतांच्या अध्यक्षपदी बसविले, ही गोष्ट विरोधापेक्षा मोठी आहे. हा मान त्यांना मिळाला तो मराठीच्या सेवेमुळे, आणि वसईची हिरवाई वाचविण्यासाठी ते सर्व धर्मांच्या लोकांबरोबर रस्त्यावर उतरले होते म्हणून लोकांनी त्यांना आधीच आपले मानले होते. ते २०२४ साली आपल्यातून गेले. त्यांनी आपला धर्म लपविला नाही आणि कोणाच्या अंगावरही टाकला नाही.

वडीलधाऱ्यांची भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळण्यात आले, हे आपण विसरलो नाही. परंतु त्यानंतर काय घडले, तेही विसरू नये. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले, आणि त्या बारीपद्याला कुष्ठरोग्यांच्या सेवेत पुढे काही वर्षे राहिल्या. २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या हाती ना झेंडा होता, ना कर्णा. तरी आपल्या काळात या देशात ख्रिस्ती श्रद्धेचे याहून मोठे जाहीर प्रकटन झाले असेल, असे मला वाटत नाही.

आता आपल्या वादाकडे वळतो. निर्णय मंडळाचा, मी केवळ सुचवितो. क्रूसाची वाट रस्त्यानेच जावी. आपल्या आजोबा-पणजोबांनी वाटेवर उभारलेले क्रूस आजही उभे आहेत. त्यांच्यापुढून चालण्याची लाज किंवा भीती आपल्याला नसावी. मात्र कर्णे नकोत. सन २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकाच्या उपद्रवाविषयी जो प्रसिद्ध निकाल दिला, तो चेन्नईतील एका ख्रिस्ती मंडळीच्याच प्रार्थनेबाबत होता, हे आपल्याला भूषणावह नाही. इतरांचा गोंगाट हे आपल्या गोंगाटाचे समर्थन होऊ शकत नाही. ज्या दिवशी प्रभू मौनाने क्रूस वाहत गेला, त्या दिवशी आपणही शांतपणे चालावे. प्रार्थना आपल्या मराठीत, आपल्या कंठाने म्हणाव्यात. अर्धा रस्ता वाहनांना मोकळा ठेवावा. आणि त्याआधी एक काम करावे. मंडळाच्या चार-सहा सभासदांनी नव्या इमारतींतील शेजाऱ्यांकडे जाऊन सांगावे की, अमुक दिवशी, अमुक वेळी आम्ही येथून जाणार आहोत, आपल्याला अडचण असल्यास सांगावी. शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते त्याला न विचारता ठरवू नये. हा धडा मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी शिकलो; आपण तो या वर्षी शिकू या.

आणि आपल्यापैकी जे शिक्षक, डॉक्टर, अधिकारी, दुकानांचे व कारखान्यांचे मालक आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. गळ्यात क्रूस जरूर घालावा. पण तुमच्या हाताखालच्या माणसाला त्या क्रूसाची धास्ती वाटू देऊ नये, आशाही लावू नये. त्याला तुमचा न्याय दिसू द्यावा, म्हणजे क्रूस आपोआप दिसेल.

यंदाच्या राखेच्या बुधवारी मी एस. टी.च्या त्याच थांब्यावर जाणार आहे. जाण्याचे कारण काही नाही. शाळा केव्हाच सुटली. त्या वारकरी गुरुजींना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या मुलाच्या घरी जाऊन चहा घेईन, आणि कपाळ पुसणार नाही.

 प्रभू आपणां सर्वांचे कल्याण करो.